रक्तकोशिका-गणना व व्हायरसजन्य ज्वर

रक्ताच्या निश्चित घनफळातील तांबड्या कोशिका, श्वेत कोशिका व बिंबाणू यांची संख्या मोजणे आणि श्वेत कोशिकांच्या निरनिराळ्या प्रकारांचे शेकडा प्रमाण ठरविणे, या परीक्षेस रक्तकोशिका-गणना म्हणतात. बिंबाणूंनाच व्यवहारात ‘प्लेटलेट’ असे म्हटले जाते. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या रक्तात दर घ. मिमी.मध्ये सामान्यतः ४,००० ते ११,००० श्वेत कोशिका आणि दीड ते चार लाख बिंबाणू असतात. व्हायरसांमुळे येणाऱ्या अनेक ज्वरांत या संख्या विशिष्ट तऱ्हेने बदलतात. त्यामुळे ज्वराचे कारण कोणत्या दिशेने शोधावे आणि रुग्णाची स्थिती किती गंभीर आहे, या दोन प्रश्नांच्या संदर्भात गणनेचा उपयोग होतो. मात्र कोणता व्हायरस रोगास कारण झाला आहे, हे केवळ गणनेवरून ठरत नाही. या परीक्षेचे सामर्थ्य व मर्यादा या दोहोंचा प्रत्यय महाराष्ट्रात विशेषेकरून सिंधुदुर्ग जिल्ह्यात २०१६ मध्ये उद्‌भवलेल्या माकडतापाच्या साथीत येतो.

गणनेचा प्रारंभ : रक्तातील कोशिका सूक्ष्मदर्शकातून सतराव्या शतकातच पाहिल्या गेल्या होत्या, तथापि त्यांची मोजणी करण्याची पहिली समाधानकारक पद्धत जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक कार्ल फीरोर्ट यांनी १८५२ मध्ये प्रसिद्ध केली. विरल केलेले रक्त मोजून घेऊन ते काचपट्टीवर पसरावयाचे व त्यातील कोशिका एकेक करून मोजावयाच्या, अशी ही पद्धत अत्यंत वेळखाऊ होती. १८७४ मध्ये फ्रान्समध्ये मालासे यांनी व १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम गावर्झ यांनी सुटसुटीत साधने तयार केली. पुढे निश्चित खोलीच्या व आखीव तळाच्या काचेच्या गणनकोष्ठात सुधारणा होत जाऊन नॉयबाउअर आखणीचा कोष्ठ सर्वत्र रूढ झाला.

या कोष्ठाची खोली ०·१ मिमी. असते. श्वेत कोशिकांच्या गणनेसाठी रक्त वीसपट विरल करतात. त्यासाठी वापरावयाच्या द्रवातील ॲसिटिक अम्लामुळे तांबड्या कोशिका नष्ट होतात व श्वेत कोशिका तेवढ्या उरतात. कोष्ठाच्या चार कोपऱ्यांतील प्रत्येकी एक चौ. मिमी. क्षेत्रफळाच्या चौकोनांत आढळलेल्या कोशिकांच्या एकूण संख्येस ५० ने गुणले म्हणजे दर घ. मिमी. रक्तातील श्वेत कोशिकांची संख्या मिळते. उदा., चार चौकोनांत मिळून ६० कोशिका आढळल्यास ती संख्या ३,००० होते.

या पद्धतीत अंगभूत अनिश्चितता असते. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणारे संख्याशास्त्रज्ञ गॉसेट यांनी १९०७ मध्ये यीस्टच्या कोशिका मोजून तिचे स्वरूप दाखवून दिले. मोजणारा कितीही दक्ष असला, तरी कोष्ठात कोशिकांची वाटणी यदृच्छेने होते आणि मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाइतके विचलन सहज संभवते. वरील उदाहरणात ६० चे वर्गमूळ सुमारे ८ येते. म्हणजे ३,००० या आकड्यात ४०० चा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो. म्हणून एका दिवसाच्या गणनेतील लहानशा चढउतारावरून रोग बळावला किंवा हटला असा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. लागोपाठच्या गणनांतून दिसणारा कल अधिक विश्वसनीय ठरतो.

श्वेत कोशिकांचे प्रकार व बिंबाणू : पॉल एर्लिख यांनी १८७९ च्या सुमारास ॲनिलीन रंजकांनी रक्तलेप रंगवून श्वेत कोशिकांचे उदासीनरंज्य, इओसिनरंज्य व क्षारकरंज्य असे भेद दाखविले. त्यामुळे श्वेत कोशिका किती, या प्रश्नाबरोबरच त्या कोणत्या, हा प्रश्न विचारता येऊ लागला. इओसीन व मिथिलीन ब्ल्यू यांच्या मिश्रणाने रक्तलेप रंगविण्याची रोमानोव्हस्की यांची पद्धत १८९१ मध्ये पुढे आली. भारतात लष्करी वैद्यकीय सेवा केलेले विल्यम लीशमन यांनी १९०१ मध्ये तिच्यात सुधारणा केली. लीशमन रंजक भारतातील लहानमोठ्या प्रयोगशाळांत आजही वापरले जाते. हिवतापाचे परजीवी शोधण्यासाठी घेतलेल्या रक्तलेपावरच श्वेत कोशिकांचे प्रकारही पाहता येत असल्याने, ग्रामीण भागात या दोन्ही परीक्षा एकत्रच रुजल्या.

रक्तातील तिसरा घटक जे बिंबाणू, त्यांचे स्वरूप व रक्तस्राव थांबविण्यातील कार्य इटालियन शास्त्रज्ञ जूल्यो बिद्झोझेरो यांनी १८८२ मध्ये स्पष्ट केले. बिंबाणू अतिशय लहान असून एकमेकांस चटकन चिकटतात. त्यामुळे त्यांची अचूक गणना दीर्घकाळ दुष्कर राहिली. १९५० मध्ये ब्रेकर व क्राँकाइट यांनी प्रावस्था-विपर्यास सूक्ष्मदर्शकाचा उपयोग करून विश्वसनीय पद्धत दिली.

व्हायरस व श्वेत कोशिका : पूजनक सूक्ष्मजंतूंच्या संसर्गात उदासीनरंज्य कोशिका वाढतात, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परिचित झाली होती. याउलट काही ज्वरांत श्वेत कोशिका घटतात असे दिसत होते. ॲशबर्न व क्रेग यांनी फिलिपीन्समध्ये १९०७ मध्ये डेंग्यूचे कारण सूक्ष्मजंतूंना अडविणाऱ्या गाळणीतून पार होते, असे दाखविले. डेंग्यूत श्वेत कोशिकांची संख्या कमी होते, ही नोंदही त्याच दशकातील आहे. म्हणजे व्हायरस प्रत्यक्ष दृष्टीस पडण्यापूर्वीच त्याचा रक्तावरील परिणाम मोजता येऊ लागला होता.

दुसऱ्या प्रकारचा बदल १९२० मध्ये स्प्रंट व एव्हान्स यांनी वर्णिला. घसादुखी, ज्वर व लसीका ग्रंथींची सूज असलेल्या तरुण रुग्णांत लसीका कोशिकांची संख्या वाढून त्यांतील अनेक नेहमीपेक्षा मोठ्या व वेगळ्या आकाराच्या दिसत. रक्तपेशींचा कर्करोग असावा अशी शंका यावी असे हे चित्र असूनही रुग्ण बरे होत. डाउनी व मॅकिन्ली यांनी १९२३ मध्ये या अनित्यरूप लसीका कोशिकांचे सविस्तर वर्णन केले. या रोगास संक्रामक एककेंद्रककोशिकाधिक्य असे नाव मिळाले. १९६४ मध्ये शोध लागलेला एपस्टाइन-बार व्हायरस त्याचे कारण आहे, हे १९६८ मध्ये सिद्ध झाले. रक्तलेपावरील निरीक्षण व कारणाचा शोध यांत जवळजवळ अर्धशतक लोटले.

बदलांची कारणे : व्हायरसाच्या संसर्गात श्वेत कोशिका घटण्याची कारणे एकाहून अधिक आहेत. शरीरात निर्माण होणारी इंटरफेरॉनादी द्रव्ये अस्थिमज्जेतील कोशिकानिर्मिती काही काळ मंदावतात. लसीका कोशिका रक्तप्रवाह सोडून ऊतकांत व लसीका ग्रंथींत जातात. काही कोशिका नाश पावतात. बिंबाणूंची घट अस्थिमज्जेतील निर्मिती कमी झाल्याने, प्रतिपिंडांमुळे त्यांचा नाश झाल्याने किंवा रक्तवाहिन्यांच्या बाधित अस्तरावर ते खर्ची पडल्याने होते.

‘सूक्ष्मजंतूंमुळे श्वेत कोशिका वाढतात व व्हायरसांमुळे घटतात’ हा नियम स्थूल मानानेच खरा आहे. आंत्रज्वर सूक्ष्मजंतुजन्य असूनही त्यात श्वेत कोशिका बहुधा घटतात. डांग्या खोकलाही सूक्ष्मजंतुजन्य आहे, तरी त्यात लसीका कोशिका वाढतात. उलट जपानी मस्तिष्कशोथ या व्हायरसजन्य रोगात उदासीनरंज्य कोशिका वाढलेल्या आढळतात. हिवतापातही बिंबाणू कमी होतात. [⟶ रक्त].

पुणे येथील संशोधन व क्यासनूर : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने १९५२ मध्ये पुणे येथे व्हायरस संशोधन केंद्र स्थापन झाले (१९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था). १९५७ च्या मार्चमध्ये तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर या जंगलात माकडे मरत असल्याची व आसपासच्या खेड्यांत तीव्र ज्वराची साथ असल्याची वार्ता केंद्राकडे आली. टेल्फर्ड वर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे जाऊन तपास केला. माकडे व माणसे एकाच वेळी आजारी पडत असल्याने प्रथम पीतज्वराची शंका आली. पीतज्वराचा भारतात प्रवेश ही अतिशय गंभीर घटना ठरली असती. पीतज्वरातही श्वेत कोशिका घटू शकतात. त्यामुळे रक्तगणनेने ही शंका फिटण्यासारखी नव्हती. व्हायरस वेगळा करून त्याची प्रतिजनीय तपासणी केल्यावरच तो निराळा असल्याचे व रशियातील गोचीडजन्य मस्तिष्कशोथाच्या गटाशी त्याचे नाते असल्याचे निष्पन्न झाले.

हीमाफायसॅलिस वंशातील, मुख्यतः स्पिनिजेरा जातीच्या गोचिडी हा व्हायरस पसरवितात. गोचिडीची अर्भकावस्था ही साधारण मोहरीएवढी किंवा त्याहून लहान असल्याने तिचा दंश पुष्कळदा ध्यानातही येत नाही. एका माणसापासून दुसऱ्यास हा रोग होत नाही. एकाएकी तीव्र ज्वर, डोकेदुखी, अंगदुखी, उलट्या, अतिशय थकवा व काही रुग्णांत रक्तस्राव ही लक्षणे होत. काहींना ज्वर उतरल्यावर एकदोन आठवड्यांनी पुन्हा ज्वर येऊन मेंदूच्या आवरणास बाधा झाल्याची चिन्हे दिसतात. मृत्यूचे प्रमाण सामान्यतः शेकडा ३ ते ५ असते. या रोगाचे चिकित्सालयीन वर्णन वेब व राव यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर कलकत्त्याचे रक्तविज्ञानतज्ञ जे. बी. चटर्जी व सहकारी यांनी १९६३ मध्ये त्यातील रक्तविषयक व जीवरासायनिक बदलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. श्वेत कोशिकांची व बिंबाणूंची घट हे या रोगाच्या पहिल्या टप्प्यातील ठळक लक्षण म्हणून मान्य झाले.

यांत्रिक गणना व तीव्रतेचे मापन : सूक्ष्म छिद्रातून विद्युत् संवाहक द्रवाबरोबर कोशिका जाताना विद्युत् रोध क्षणमात्र वाढतो, या तत्त्वावर आधारलेल्या गणकयंत्राचे एकस्व अमेरिकेतील वॉलेस कूल्टर यांना १९५३ मध्ये मिळाले. यंत्र हजारो कोशिका मोजत असल्याने यादृच्छिक विचलन पुष्कळच कमी झाले. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बिंबाणूंचीही यांत्रिक गणना होऊ लागली. मात्र नळीतील रक्तात बिंबाणूंच्या गुठळ्या झाल्यास यंत्र त्यांची संख्या खोटेपणाने कमी दाखविते. म्हणून अनपेक्षितपणे कमी आलेली संख्या रक्तलेपावर पडताळून पाहणे आवश्यक असते.

बिंबाणूंच्या गणनेस रोगाच्या तीव्रतेचे माप म्हणून सर्वमान्यता मिळाली ती डेंग्यूमुळे. आग्नेय आशियातील रक्तस्रावी डेंग्यूच्या अनुभवावरून जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये निकष ठरविले. त्यांत बिंबाणू एक लाख किंवा त्याहून कमी असणे आणि हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात तांबड्या कोशिकांनी व्यापलेल्या घनफळाचे प्रमाण, शेकडा २० किंवा अधिक वाढणे यांचा समावेश होता. या वाढीचा अर्थ रक्तद्रव वाहिन्यांबाहेर झिरपून रक्त दाट होत आहे, असा होतो. रुग्णाच्या जिवास मुख्य धोका या झिरपण्यातून असतो. २००९ च्या सुधारित वर्गीकरणातही हेमॅटोक्रिट वाढत असताना बिंबाणू झपाट्याने घटणे हे धोक्याचे पूर्वचिन्ह मानले आहे. दिल्लीतील १९९६ च्या मोठ्या साथीनंतर भारतात प्लेटलेट हा शब्द घरोघरी पोहोचला. पण हेमॅटोक्रिट पोहोचला नाही. परिणामी बिंबाणूंच्या एकट्या आकड्याला लोकमानसात अवास्तव महत्त्व आले. वस्तुतः बहुसंख्य रुग्णांत बिंबाणू काही दिवसांत आपोआप वाढतात. [⟶ डेंग्यू].

एचआयव्हीच्या संसर्गात सीडी-४ चिन्हांकित लसीका कोशिकांची गणना दीर्घकाळ उपचारांची किल्लीच होती. १ एप्रिल २००४ रोजी भारतात मोफत औषधोपचार सुरू झाला तेव्हा ही संख्या २०० च्या खाली जाणे हा उपचारांस पात्र ठरविणारा प्रमुख निकष होता. २०१७ पासून संख्या कितीही असली तरी उपचार दिले जातात आणि गणना केवळ तीव्रतेचे माप म्हणून उरली आहे. कोविड-१९ च्या साथीत (२०२० पासून) गंभीर रुग्णांत लसीका कोशिका घटून उदासीनरंज्य कोशिका वाढतात, असे दिसून आले व या दोहोंचे गुणोत्तर तीव्रता अजमावण्यासाठी वापरले गेले.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील अनुभव : रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. ओरोस येथील सिंधुदुर्गनगरी हे त्याचे मुख्यालय असून जिल्हा रुग्णालयही तेथेच आहे. समुद्रकिनारा व सह्याद्री यांच्यामधील या अरुंद, पर्जन्यबहुल प्रदेशात ज्वराची कारणे ऋतूंप्रमाणे बदलतात. भातलावणीच्या दिवसांत चिखलपाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पावसाळ्यात व त्यानंतर हिवताप व डेंग्यू आढळतात.

क्यासनूरचा रोग १९५७ नंतर दीर्घकाळ कर्नाटकापुरता मर्यादित मानला जात होता. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील पाली येथे त्याची साथ झाली. २०१६ च्या जानेवारीत त्यालाच लागून असलेल्या प्रदेशातील दोडामार्ग तालुक्यात केर या गावाच्या परिसरात माकडे मृत आढळू लागली व माणसांनाही ज्वर येऊ लागला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने केलेल्या तपासणीत हा क्यासनूरचाच व्हायरस असल्याचे सिद्ध झाले. ही महाराष्ट्रातील माकडतापाची पहिली सिद्ध झालेली साथ होय. २०१७ मध्ये सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरातही रोग पसरला. काजूच्या बागांत पालापाचोळा साफ करणे, बोंडे व बिया गोळा करणे, जंगलातून लाकूडफाटा आणणे ही कामे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालतात व गोचिडीच्या अर्भकांचा सुकाळही याच काळात असतो. त्यामुळे या रोगाचा भार मुख्यतः श्रमिकांवर व शेतकरी कुटुंबांवर पडला.

अशा रुग्णाच्या रक्तगणनेत श्वेत कोशिका व बिंबाणू दोन्ही कमी आढळतात. नेमके हेच चित्र डेंग्यूत दिसते. केवळ आकडे समोर असलेल्या चिकित्सकास या दोन रोगांत भेद करता येत नाही. भेद करता येतो तो इतर माहितीच्या आधारे : महिना जानेवारी ते मे यांपैकी आहे काय, रुग्ण काजूच्या बागेत किंवा जंगलात गेला होता काय, गावाजवळ माकडे मेली आहेत काय. गणनेने व्हायरसाची शंका बळकट होते आणि ऋतू, व्यवसाय व स्थळ यांनी ती विशिष्ट व्हायरसाकडे वळते. निर्णायक पुरावा मात्र रक्तातील व्हायरसाच्या आरएनएचा शोध घेणाऱ्या परीक्षेने किंवा आयजीएम प्रतिपिंडांच्या परीक्षेनेच मिळतो. या रोगासाठी अशा शीघ्र परीक्षा पुण्याच्या संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केल्या होत्या. ओरोसपासून पुणे सुमारे साडेतीनशे किमी. अंतरावर आहे. नमुना तेथे पोहोचून निष्कर्ष परत येईपर्यंत रुग्णाची देखभाल ज्या माहितीवर करावयाची, ती बव्हंशी स्थानिक प्रयोगशाळेतील रक्तगणनेतूनच मिळते. बिंबाणूंचा उतरता कल रक्तस्रावाच्या धोक्याची सूचना देतो व रुग्णास मोठ्या रुग्णालयात केव्हा हलवावे, हे ठरविण्यास साहाय्य करतो.

चुकीच्या अर्थनिर्णयाची किंमत प्रत्येक वेळी सारखी नसते. माकडताप डेंग्यू समजला गेला, तरी त्या एका रुग्णाच्या उपचारांत मोठा फरक पडत नाही; कारण दोहोंवरही व्हायरसविरोधी खास औषध नसून द्रवपुरवठा व रक्तस्रावावर लक्ष हेच उपचाराचे स्वरूप आहे आणि ॲस्पिरिनासारखी औषधे दोहोंत टाळावयाची असतात. फरक पडतो तो गावाच्या संरक्षणात. डेंग्यू मानल्यास डासांची पैदास रोखण्याकडे लक्ष जाते आणि गोचिडी तशाच राहून दुसऱ्या दिवशी बागेत जाणाऱ्यास बाधतात. याउलट लेप्टोस्पायरोसिसच्या बाबतीत प्रत्यक्ष रुग्णाचेच नुकसान होते. त्यातही बिंबाणू कमी होतात. परंतु तो सूक्ष्मजंतुजन्य असून पेनिसिलीन किंवा डॉक्सिसायक्लीन वेळेवर मिळाल्यास जीव वाचू शकतो. त्यात उदासीनरंज्य कोशिका बहुधा वाढलेल्या असतात. म्हणून बिंबाणूंच्या आकड्यावर न थांबता श्वेत कोशिकांची एकूण संख्या व त्यांचे प्रकार पाहणे, ही एर्लिख यांच्या काळापासूनची रीत येथे प्राणरक्षक ठरते.

महत्त्व : आरएनए-परीक्षांचा प्रसार झाल्याने निदानाचे अंतिम साधन म्हणून रक्तकोशिका-गणनेचे स्थान गौण झाले आहे. तथापि ती स्वस्त आहे, थोड्या अवधीत होते, तालुक्याच्या ठिकाणीही उपलब्ध असते आणि रोगाचे नाव कळण्यापूर्वीच रुग्णाची स्थिती सांगते. क्यासनूरला १९५७ मध्ये व केरला २०१६ मध्ये रोगाचे नाव ठरविले ते व्हायरसाच्या प्रत्यक्ष शोधाने. परंतु नवा किंवा अनपेक्षित व्हायरस एखाद्या प्रदेशात प्रथम येतो तेव्हा त्याच्यासाठीची विशिष्ट परीक्षा कोणी मागितलेली नसते आणि रुग्णाचे रक्त पहिल्यांदा तपासले जाते ते गणनेसाठीच. त्या आकड्यांचा मेळ ऋतूशी व परिचित रोगांशी बसत नाही, हे ज्याच्या लक्षात येते, त्याच्याकडूनच पुढील तपासास आरंभ होऊ शकतो.